हातचा

रोवेना हेबडिचचा वर्षाचा हिशेब दर मार्चमध्ये माझ्याकडे येतो
बिस्किटांच्या डब्यात. पावत्या दमट,
काहींना सालपटं चिकटलेली.
सॉमरसेटची ही सखल जमीन. पाणी उतरलं म्हणेतो
पुन्हा रस्त्यावर येतं. इथं वाळुंज वाढतं,
क्रिकेटच्या बॅटीचा विलो नव्हे, त्याची सडपातळ चुलतबहीण,
जिला छाटलं की जोर येतो.

रोवेना शवपेट्या विणते.

मी विचारते, एका पेटीला तास किती?
ती म्हणते, काड्या भिजायला नऊ दिवस.
तुझे तास, म्हणते मी.
ती डाव्या हाताचा अंगठा पुढे करते.
त्याचं पेर आता बाहेर वळलंय,
विणीत घ्यायचं राहून गेल्यासारखं.
हे कुठल्या रकान्यात टाकू?

तीन वर्षांपूर्वीच्या पानावर दोन नोंदी आहेत.

पहिली लंडनच्या गॅलरीची. तीच वीण, तीच लांबी,
फक्त झाकण नाही, आणि सोबत एक निवेदन,
जे लिहायला तिला पेटीपेक्षा जास्त दिवस लागले.
‘अनुपस्थितीचा अवकाश’ हे शब्द तिचे नव्हेत,
गॅलरीतल्या पोरानं फोनवर सुचवले.
हात लावू नये, अशी पाटी.
अकरा हजार पौंड.

दुसरी ऑब्री स्टकींची. चाळीस वर्षं
कालव्याचे दरवाजे उघडले-मिटले त्यांनी.
सातशे पौंड, तीन हप्त्यांत.
मापाला स्वतःच आले. बूट काढून
शेडच्या फरशीवर आडवे झाले, म्हणाले,
खांद्यात जरा सैल ठेव,
मला कुशीवर झोपायची सवय आहे.
रोवेनानं खडूनं भोवती रेघ ओढली.
मी पावतीपुस्तक घेऊन उभी. हसावं की नाही, कळेना.

मग दोन वर्षं पेटी त्यांच्या स्वयंपाकघरात.
आधी सफरचंदं होती तीत. मग थंडीत कुत्री व्याली.
पिल्लांनी एक कोपरा कुरतडला.
रोवेना सायकलवरून गेली, चार काड्या बदलून आली.
पावती नाही.
मी रागावले. ती म्हणाली, चहा दिला की त्यांनी.

जानेवारीत पाणी चढलं आणि ऑब्री गेले.
गाडी जाईना, ट्रॅक्टर आणला.
सहा जणांनी उचललं तेव्हा ती करकरली
नव्या वहाणेसारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी,
आणि त्यांच्या सुनेनं दचकून माझा हात धरला.
विणलेलं वजन घेतं तेव्हा बोलतं, रोवेना नंतर म्हणाली.
गप्प राहिलं तर घाबरायचं.

कुणीतरी विचारलंच: वसंतात तिथं पालवी फुटेल का?
नाही. वाळकी काडी भिजवली की वाकते,
फुटत नाही.
कुजेल. नीट, आपल्या वेळेला.

त्याच आठवड्यात गॅलरीचं पत्र आलं.
कलाकृती कोरड्या हवेत तडकते आहे,
खरेदीदार चिंतेत आहेत, कृपया उपाय कळवावा.
तिनं कार्डावर एकच शब्द लिहिला:
वापरा.

मी बेरजेला बसते. काड्या, वीज, शेडचं भाडं, सुतळी.
एकक, दशक. शाळेतल्या बाई बजावायच्या,
हातचा विसरू नका गं,
तो लिहिलेला नसतो, म्हणून तर गणित चुकतं.
मी कधी विसरले नाही. पण इथं तो
पुढच्या कुठल्या घरात मिळवायचा?

या वर्षी डब्याच्या तळाशी
एका पाकिटाची मागची बाजू सापडली.
पेन्सिलीनं माझं नाव. पाच फूट तीन.
खांदे: अरुंद. उजवा किंचित खाली, बॅगेमुळे.

तिनं मला कधीच मोजलेलं नाही.
किमतीची जागा कोरी आहे.
आकडे बरोबर आहेत, मी दोनदा तपासले.